घाडीकाकांचा ब्रेकलाईट

घाडीकाकांचा जनरेटर दहिसरपासून मालाडपर्यंतच्या सगळ्या मांडववाल्यांना ठाऊक होता. दोन चाकांच्या ट्रेलरवर हिरव्या पत्र्याची पेटी, तिच्यात डिझेलचं इंजिन आणि पुढे ओढायला जुनी जीप. लग्न असो, साखरपुडा असो की गल्लीतल्या मंडळाची पूजा, काका मांडवापासून लांब कुठल्यातरी भिंतीच्या आडोशाला जनरेटर उभा करायचे आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचे. जेवायला बोलावलं तरी उठायचे नाहीत. "मी उठलो आणि नेमका तेव्हाच बंद पडला तर? मंगलाष्टकं काळोखात म्हणणार काय?" मग कोणीतरी ताट तिथेच आणून द्यायचं.

पूर्ण नाव चंद्रप्रकाश घाडी. वडील कणकवलीकडून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी बंद पडली तेव्हा परळची खोली गेली आणि कुटुंब दहिसरला, नदीच्या अंगाच्या चाळीत आलं. वडील एका सोसायटीच्या गेटवर रखवालदार झाले. काकांनी शाळा सोडली आणि एका मांडववाल्याकडे दिव्यांच्या माळा लावायला लागले. तेव्हाच्या माळांत एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद पडायची. कुठला गेला ते शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. एकेक बल्ब काढायचा, उजेडाकडे धरायचा, आतली तार बघायची. तार सरळ जागच्या जागी असली तर चांगला. तुटली, लोंबली, तर गेलेला. "डोळे त्यात गेले माझे," ते सांगायचे. "पण बल्ब बघायला मी अजून कोणाला हरणार नाय."

पुढे त्यांनी जुना जनरेटर घेतला, त्याला चाकं लावली आणि स्वतःचा धंदा सुरू केला. मुलीचं लग्न झालं, ती पनवेलला गेली. घरात काका आणि रुक्मिणीकाकू.

गाडी निघायच्या आधी रोज एक गोष्ट व्हायची. काका जीपमध्ये बसून ब्रेक दाबायचे आणि काकू ट्रेलरच्या मागे उभी राहून ओरडायची, "दोनव पेटले!" मागचे दोन्ही लाल दिवे लागले, असं. आपल्या गाडीचा ब्रेकलाईट ड्रायव्हरला कधीच दिसत नाही. दुसऱ्या कोणीतरी मागे उभं राहून सांगावं लागतं. हे इतकी वर्षं चाललं होतं की चाळीतली पोरं काकू नळावर दिसली तरी तिचाच आवाज काढून ओरडायची, "दोनव पेटले!" आणि काकू हातातली कळशी उगारायची.

मागच्या वर्षी मे महिन्यात काका मालाडला एका लग्नाला निघाले होते. भर दुपार. हायवेवर पुढची रिक्षा एकदम थांबली. काकांनी ब्रेक दाबला. ट्रेलर तिरका झाला आणि जीपच्या मागच्या कोपऱ्यात घुसला. त्याच वेळी मागून एक मोटारसायकल येऊन ट्रेलरच्या मागच्या लोखंडी दांड्यावर आदळली.

मोटारसायकलवर आकाश नावाचा मुलगा होता. मानखुर्दला राहायचा, मालाडच्या एका ऑफिसात कामाला होता, तिथल्याच कामाने दहिसरकडे जाऊन परत येत होता. डोक्यावर हेल्मेट होतं. इस्पितळात पोचायच्या आधीच गेला.

पोलिसांनी पंचनामा केला. मुलगा वेगात होता, अंतर ठेवलं नव्हतं, असं ठरलं. काकांना विचारलं, "मागचे लाईट चालू होते?" काका म्हणाले, "होते." निघताना काकूने ओरडून सांगितलं होतं, त्याच्या भरवशावर म्हणाले. काकांवर काही आलं नाही. विम्याचा सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, आणि जीप आणि ट्रेलर दुरुस्तीला पास झाले.

ते आमच्या बोरिवलीच्या वर्कशॉपमध्ये आले. पत्र्याचं आणि रंगाचं काम झाल्यावर वायरिंग माझ्याकडे येतं. मी डिप्लोमा करून नुकतीच तिथे लागले होते.

जीपच्या मागे, ट्रेलर अडकवायच्या हुकच्या अगदी वर, सात पिनांचं सॉकेट असतं. ट्रेलरची केबल त्यात खुपसली की जीपचा ब्रेक, इंडिकेटर, सगळं ट्रेलरच्या दिव्यांना मिळतं. गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी मी काकांना म्हटलं, "ब्रेक दाबा." त्यांनी दाबला. लाल दिवे मिणमिणले आणि डावा इंडिकेटर, ज्याचा काही संबंध नव्हता, तोही मंद उजळला.

हा दोष मला लगेच कळला. दिव्यातून गेलेला करंट गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत जातो. आमच्या रंगवाल्याने नेमक्या त्या जोडाच्या जागी, जिथे लोखंड उघडं राहायला हवं, तिथे छान चकचकीत रंग मारला होता. परतीची वाट बंद झाली म्हणून करंट दुसऱ्या दिव्यातून आडवाटेने जात होता. मी रंग खरवडला, बोल्ट घट्ट केला. दिवे लख्ख लागले.

काका खूश होतील असं मला वाटलं होतं. ते मागे येऊन दिव्यांकडे बघत राहिले.

"हा फॉल्ट रंगामुळेच आला ना गो?"

"हो काका. आमचीच चूक."

"म्हणजे त्याच्या आधी नव्हता. आधी ठीक होता."

"आधीचं मी कसं सांगणार? आधी मी गाडी बघितलीच नव्हती."

त्यांनी मान हलवली आणि गाडी घेऊन गेले.

काही आठवड्यांनी परत आले. सिग्नलला मागचा रिक्षावाला ओरडला होता, "ओ काका, ब्रेकलाईट नाय तुमचा! मरायचंय का?" आमचा फोरमन प्रितम मला म्हणाला, "मानसी, तुझा पेशंट आलाय. बिलाचं नाव नको काढू, विम्याच्या कामाची तक्रार आहे, शेठ माझी वाट लावेल." मी केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवून बघितली, कुठे तुटली नव्हती. सॉकेटच्या पिना काळवंडल्या होत्या, त्या घासल्या. दिवा लागला. पिना इतक्या लवकर का काळवंडल्या ते मला कळलं नाही. काकांनी पुन्हा तेच विचारलं. "अपघाताच्या आधी पण असा जात-येत असेल काय?"

"असूही शकेल, नसूही शकेल."

हे उत्तर मी किती सहज दिलं. काका जीपला टेकून उभे होते, ते खाली बघायला लागले.

पावसाळ्यानंतर ते परत आले. प्रितमने गेटवरच हात जोडले. "काका, ट्रेलर आता इथेच ठेवा. मी दर महिन्याला भाडं लावतो."

"लाव रे बाबा. पण लाईट पेटू दे."

या वेळी मी घाई केली नाही. सॉकेटच्या ब्रेकच्या पिनवर मीटर लावला तर बारा व्होल्ट दाखवत होता, अगदी हवे तसे. बल्ब जोडला की मात्र काहीच नाही. मीटर फक्त बघतो, करंट मागत नाही; बल्ब मागतो. म्हणजे वाटेत कुठेतरी काहीतरी अडत होतं. मी सॉकेट खोलून काढलं आणि मागची रबरी टोपी उलटी केली.

आतून मुंग्या बाहेर आल्या. काळ्या, बारीक. माझ्या मनगटावर चढल्या.

प्रितम वाकून बघायला आला. "च्यायला, यांना पण बारा व्होल्ट लागतात?"

पिनांवर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर होता आणि त्यावर काहीतरी चिकट, तपकिरी. मी वास घेतला. आंबूस. खोबऱ्यासारखा. टोपीच्या कडेला एक तांबूस तंतू अडकला होता. तो मी चिमटीत धरून उजेडात बघितला. नारळाच्या शेंडीचा होता.

"काका, या हुकवर नारळ फोडता तुम्ही?"

काका मुंग्यांकडे बघत होते. "अमावास्येला," ते म्हणाले.

"दर अमावास्येला?"

"त्या दिवसापासून."

प्रितमला हसू आलं. "अहो काका, गाडीला नारळ पुढे फोडतात, चाकाखाली. मागे कोण फोडतं?"

"पुढे काय झालेला? झाला ता मागे झाला."

"मग पार मागे फोडा ना, ट्रेलरच्या त्या दांड्यावर. तिथे वायर पण नाय, काय नाय."

"थय तेचा डोक्या लागला होता रे," काका हळूच म्हणाले. "तिथे नारळ कसो आपटू?"

प्रितमचं हसू तसंच तोंडावर राहिलं. मग तो हात धुवायला निघून गेला.

मी काकांना समजावून सांगितलं. नारळ फुटला की पाणी हुकवर उडतं आणि वरच्या सॉकेटमध्ये शिरतं. त्यात साखर असते, क्षार असतात. पाणी सुकतं, ते मागे राहतात, आणि पितळेच्या पिना खातात. ब्रेकचा करंट तिथेच अडतो. मी घासून साफ केलं की महिनाभर चालतं. पुढची अमावास्या आली की परत तेच.

"म्हणजे नारळ फोडतंय म्हणून लाईट जाता."

"हो काका."

"आणि तेव्हा? तेव्हा मी खय नारळ फोडत होतंय?"

ते जीपच्या दारापाशी गेले, ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, ते त्यांनी नखाने उचकटलं. आत लाल प्लास्टिकचे तुकडे होते आणि एका फडक्यात गुंडाळलेला बल्ब.

"पोलिसांनी झाडून कडेला सारलेला हा. मी वेचून आणलो. ट्रेलरच्या एका बाजूचो बल्ब सापडलो, दुसरो नाय." त्यांनी तो माझ्या हातात दिला. "तार बघ."

मी बघितली. अशा बल्बात दोन तारा असतात, त्यातली ब्रेकची तार जागेवर नव्हती. सैल होऊन खाली लोंबत होती आणि टोकाशी तुटली होती.

"गेलेला बल्ब," काका म्हणाले. "पोरगा असल्यापासून बल्ब बघतंय मी. माका कोणी शिकवूक नको. हा बल्ब तेव्हा पेटलाच नव्हता."

"पण काकू तर म्हणाल्या होत्या..."

"ती रोजच म्हणायची. त्या दिवशी शकु, आमची शेजारीण, तिला नळावरून हाका मारत होती. पाणी जाईल, पाणी जाईल. माझी बायको तिच्याकडे बघत होती आणि इकडे ओरडली, दोनव पेटले. मी आरशात बघितलं होतं तिला." त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं. "अपघातानंतर एकदाच बोलली. मी नीट बघितलंय ना ओ? मी सांगितलं, बघितलंस. तेव्हापासून ती मागे उभी राहायला येत नाय. हा डबा तिला दाखवलेला नाय मी."

म्हणून मागचा दिवा जातो-येतो हे कोणाला कळत नव्हतं. बघायला कोणी उरलंच नव्हतं.

"त्याची आई मानखुर्दला असते," काका म्हणाले. "पोलिस ठाण्यात एकदा बघितलेली, बाकावर बसलेली. माका जावचा असा तिच्याकडे. पण तिने विचारलं, तुमचा लाईट होता काय, तर तिला काय सांगू? पोलिसांना सांगितलं तसं सांगू?"

मी बल्ब फडक्यात परत गुंडाळला. कॉलेजात अपघाताच्या तपासावर एक तास झाला होता, त्यातलं एक चित्र मला पुसट आठवत होतं. पण पुसट आठवण घेऊन काकांशी बोलायची मला भीती वाटली.

"हा उद्यापर्यंत माझ्याकडे राहू दे?"

"कित्याक?"

"उद्या सांगते. खरंच."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तसलेच बल्ब आणले. होल्डर पकडीत आवळला, बॅटरीला जोडला. प्रितम डबा खाता खाता आला. "काय चाललंय? बल्बला फाशी?"

"हातोडी आण. मी सांगेन तेव्हा पकडीवर मार. बल्बला नको, पकडीवर."

पहिल्यांदा बल्ब बंद ठेवून मारलं. तार थरथरली आणि तशीच राहिली. आणखी जोरात मारलं. तार एका जागी कटकन तुटली, पण गुंडाळी तशीच घट्ट होती, बारीक स्प्रिंगसारखी. दुसरा बंद बल्ब, तेच. मग मी करंट सोडला. बल्ब पेटला.

"मार."

प्रितमने मारलं. तार उजेडातच ताणली गेली, डोळ्यासमोर, एखाद्याने लोकर ओढावी तशी, आणि विझली. करंट काढून बघितलं तर गुंडाळी उलगडून लांब झाली होती, खाली लोंबत होती. पेटलेली तार गरम असते, गरम असते म्हणून मऊ असते, धक्का बसला की ताणली जाते. थंड तार ताणली जात नाही, तुटते. आणि वापरून वापरून गेलेला बल्ब एका जागी जळून तुटतो, बाकीची गुंडाळी जागच्या जागी राहते.

आम्ही परत परत केलं. प्रत्येक वेळी तसंच. प्रितमने डबा बाजूला ठेवला होता. मी फडक्यातला बल्ब काढून त्या ताणलेल्या बल्बांशेजारी ठेवला.

"सेम टू सेम," प्रितम म्हणाला. मग म्हणाला, "काकांना फोन कर ना. उद्यापर्यंत कशाला थांबतेस?"

काका संध्याकाळच्या आतच आले. मी पांढऱ्या कापडावर बल्ब मांडून ठेवले होते. हा बंद असताना ठोकलेला. हा चालू असताना. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक उचलून ट्यूबलाईटकडे धरला, माळेतला बल्ब धरावा तसा. चालू असताना ठोकलेला त्यांनी फार वेळ धरला.

"आणि हा?"

"हा तुमचा, काका."

त्यांनी तो चालू असताना ठोकलेल्या बल्बाशेजारी धरला.

"पेटलेला होता. गरम होती म्हणून तार अशी ताणली. बंद असता तर असं झालं नसतं. दुसऱ्या बाजूच्या दिव्याचं मला सांगता येणार नाही, पण हा लागला होता. काकूंनी बरोबर सांगितलं होतं."

त्यांनी खिशातून फोन काढला. घरचा नंबर लावला.

"अगो," ते म्हणाले. "पेटलेलो... लाईट गो. त्या दिवशीचो... होय. ह्या चेडवान बघून सांगितला. तू सांगलंस ता खरा होता." काका फोन कानाला तसाच धरून उभे राहिले. "रडू नको. अगो, रडू नको."

माझ्या अंगात आनंद मावत नव्हता. आपण शिकलेलं एखाद्या माणसाच्या कामाला यावं आणि इतकं यावं, असं पहिल्यांदाच होत होतं. मी नवीन सॉकेट आणलं, झाकणाचं, आणि ते हुकपासून लांब, बाजूला बसवायला घेतलं. काका खुर्चीवर बसले होते. बल्ब त्यांच्या मुठीत होता.

"म्हणजे त्याला दिसला," ते म्हणाले.

"काय, काका?"

"लाल लाईट. त्याला दिसला असणार. दिसल्यावर त्याने ब्रेक मारला असणार. नाय थांबली गाडी." त्यांनी मूठ उघडली, बल्ब बघितला, परत मिटली. "माका वाटायचं, त्याला कळलंच नसेल काय. बघता बघता झालं असेल. आता तसं पण नाय."

माझ्या हातात स्क्रू होता, तो मी नुसता धरून राहिले.

"तेव्हा पेटलेलो," ते म्हणाले, जणू हिशेब लावत असावेत. "आणि त्याच्यासाठी नारळ फोडून फोडून मी तो विझवलो. इतके महिने हायवेवर फिरलंय, मागे काळोख घेऊन. दुसरो कोणाचो झील, कोणाचो पोरगो आदळलो असतो तर?"

पुढच्या अमावास्येला त्यांनी नारळ फोडला नाही. हे मला काकूंनी सांगितलं, ती दोघं वर्कशॉपमध्ये आली तेव्हा. काही बिघडलं नव्हतं. फक्त दाखवून घ्यायला आलो, असं काका म्हणाले. काकूंना मी पहिल्यांदाच बघत होते. ठेंगण्या, कपाळ रुंद, आणि आवाज इतका लहान की चाळभर ऐकू जायचा तो हाच, यावर विश्वास बसेना.

दोघं मानखुर्दला जाऊन आली होती.

आकाशची आई, सोनूबाई, एका इमारतीत पोळ्या करायला जाते. खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि खालच्या फळीवर मुलाचा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. हे कोण आलेत ते कळल्यावर ती उठली नाही की बसा म्हणाली नाही. काकू आपणहून खाली बसल्या. मग काकाही बसले.

सोनूबाईने विचारलं, "तुमचा मागचा लाईट चालू होता का हो?"

काकूंनी काकांकडे बघितलं. सांगायला तोंड उघडलंही होतं.

"काका म्हणाले काय माहितीये?" काकू मला सांगत होत्या. "म्हणाले, मी पुढे बसलेलो, बाई. ड्रायव्हरला मागचा लाईट दिसत नाय."

मला राहवलं नाही. "पण काका! लागला होता ना! आपण बघितलं ना! तेवढ्यासाठीच तर तुम्ही..."

"मग?" काका म्हणाले. "सांगून तिला काय मिळालं असतं? झील गेलो, आणि वर चूक पण तेचीच?"

"पण ती तुम्हाला दोष देत राहील."

"देऊ दे ना." ते जीपच्या बोनेटवरची धूळ बोटाने पुसत होते. "कोणाला तरी देऊक होयो. पोलिस बोलले, जोरात होता. ऑफिसातले बोलले, जोरात होता. ती एकटी म्हणते, माझा आकाश जोरात चालवायचा नाही. मी म्हटलं, नसेल चालवत."

"चहा दिला तिने मग," काकू म्हणाल्या. "निघताना मला म्हणाली, तुमचे मिस्टर तरी घरी येतात ना, मग त्यांना सांगा, लाईट बघत जा." काकूंनी पदराने नाक पुसलं. "तिला मी काय सांगू? मीच बघायची, असं सांगू?"

प्रितमने कधी नव्हे ते चहा मागवला होता, तो थंड झाला.

मी सॉकेट तपासलं. पिना स्वच्छ होत्या. आता एकदा दिवे बघून घ्यायचे होते. मी ट्रेलरच्या मागे जायला निघाले, तर काकू म्हणाल्या, "थांब गो. मी बघते."

काका जीपमध्ये चढले. काकू ट्रेलरच्या मागे गेल्या, त्या दांड्यापासून थोडं अंतर ठेवून उभ्या राहिल्या. काकांनी ब्रेक दाबला. दुपारच्या उन्हात लाल दिवे लागले की नाही ते पटकन कळत नव्हतं. काकू ओरडल्या नाहीत. पुढे झाल्या, वाकल्या, आणि एका दिव्यावर हाताची सावली धरली. मग दुसऱ्या दिव्यावर धरली.

"दोनव पेटले," त्या म्हणाल्या. इतक्या हळू की मला पुढे जाऊन काकांना सांगावं लागलं.

काकांनी मान हलवली, पण ब्रेकवरचा पाय उचलला नाही. आरशात बघत राहिले.

"परत बघ गो," ते म्हणाले.

आणि काकू परत वाकल्या.